स्वयम् योजना (डहाणू–तलासरी)

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी थेट बँक खात्यात रक्कम देणारी महाराष्ट्र शासनाची योजना. पूर्ण नाव पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, आरंभ २०१६-१७. मुंबई, पुण्यासारख्या शहरांसाठी वार्षिक ६०,००० रुपये ठरले, लहान ठिकाणी त्याहून कमी. डहाणू व तलासरी तालुक्यांतील काम डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे.

तुलनेसाठी पाहता, अमेरिकेतील कालामाझू शहरात २००५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत शहरातल्या सार्वजनिक शाळांत शिकलेल्यांचे महाविद्यालयीन शुल्क उत्पन्न न पाहता भरले जाते. स्वयम् मध्ये मात्र जमात व उत्पन्न हे निकष आहेत. तरीही डहाणू व तलासरी हे अनुसूचित क्षेत्रातले, वारलीबहुल तालुके असल्याने तिचा लाभ पाड्यापाड्यांवर पोचू शकतो.

इथे शुल्काइतकाच, किंबहुना अधिक, राहण्या-खाण्याचा खर्च आड येतो. शिकणारा मुलगा म्हणजे वीटभट्टीवरच्या किंवा वापी-उंबरगावच्या कारखान्यातल्या मजुरीला मुकणारे घर. म्हणून योजनेचा हप्ता लांबला की शिक्षणच धोक्यात येते. वेळेवर पैसे मिळणे हा या योजनेचा कणा मानला पाहिजे. घरी राहून कॉलेजला ये-जा करायची तर प्रवासाचा प्रश्न येतो: २०१३ मध्ये उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत आली, पण तलासरी गावाला रेल्वे नाही. बोर्डीचे विज्ञान महाविद्यालय आणि तलासरीचे कॉम्रेड गोदावरी शामराव परुळेकर महाविद्यालय यांमुळे काहींना घर न सोडता पदवी घेता येते. महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे त्या गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली १९४५ मध्ये याच भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता.