कवळीला मूळ मिळालं

निफाडच्या आमच्या जुन्या घरात एक कोनाडा होता. त्यात पाण्याची वाटी असे आणि वाटीत अम्मीची कवळी. लग्नकार्याला निघाली की ती कवळी लावायची आणि जेवायला बसली की काढून ठेवायची! घरी भाकरी दुधात कुस्करून खायची. पुढे ती चारचौघांत बोलेनाशीच झाली. त, थ, द, ध, स ही दंत्य अक्षरं. खालची कवळी जिभेबरोबर हलायची आणि नेमकी हीच अक्षरं घसरायची. लोक हसतील म्हणून ती गप्प बसे. मी शब्दांवर जगणारा माणूस, पण तिच्या अबोल्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

हे दुखणं जुनंच आहे. जॉर्ज वॉशिंग्टन १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्या हस्तिदंताच्या आणि माणसांच्या दातांच्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात कडक रबराच्या कवळ्या आल्या आणि सामान्यांना परवडू लागल्या. सेवाग्रामला गांधीजी जेवणापुरती कवळी लावत. त्यांचं बोळकं हसू तर साऱ्या देशाच्या ओळखीचं.

वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालचीला तसा आधार नाही. त्यात दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं आणि बेताने बसवलेली कवळीही काही वर्षांत सैल होते.

यावरची वाट एका सशाच्या हाडात सापडली. १९५२ च्या सुमारास स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हाड कसं भरून येतं याचा अभ्यास करत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी काढायला गेले, तर ती निघेना. द्राक्षाचं कलम खुंटाला धरावं, तसं हाड धातूला धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी गोस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवून त्यांवर दात उभे केले. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते दात टिकले.

२००२ मध्ये कॅनडात माँट्रियल इथे जमलेल्या तज्ज्ञांनी सांगितलं, की खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर बसणारी कवळी हाच पहिला पर्याय मानावा. हाड धरायला काही महिने लागतात. मग कवळी बटणासारखी बसते, रात्री काढून धुता येते. मधुमेह आटोक्यात हवा, तंबाखू सुटलेली हवी.

खर्च मात्र अजून अनेकांच्या आवाक्याबाहेर आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या वयोश्री योजनेत गरीब वृद्धांसाठी कवळी आहे, ती साधी.

अम्मी आता नाही. पण तुमच्या घरातली आजी जेवताना मागे राहत असेल, बोलायचं टाळत असेल, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. तिची कवळी हलते का, एवढं आज विचारा.