दोन वर्षांपुरतं फर्निचर

परदेशी निघालेल्या माणसाला सल्ले द्यायला अख्खी आळी लोटते. कानटोपी विसरू नकोस, गोडा मसाला दोन पिशव्यांत बांध म्हणजे एक फुटली तरी दुसरी राहते, विमानात खिडकीपाशी बसू नकोस, वारा लागेल. तिकडे याला भाकरी कोण देणार याची काळजी शेजारच्या काकूंपासून कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना असते. पण तिकडे हा बसणार कशावर, हा प्रश्न कुणाला पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

त्यात दोष कुणाचाच नाही. मराठी घर मुळात जमिनीवर बसलेलं. जेवायला पाट, पाहुण्याला सतरंजी, पाहुणा वजनदार असला तर लोड-तक्क्या, आणि सत्यनारायणाला चौरंग. झाली यादी. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी, अलमारी पोर्तुगिजांकडून आली, टेबल इंग्रजांनी ठेवून दिलं. अस्सल आपलं म्हणावं असं आसन एकच, ते म्हणजे मांडी. ती कुठेही घालता येते, तिला पॉलिश लागत नाही आणि घर बदलताना ती आपण होऊन चालत येते.

टेबल किंवा कपाट करायचंच झालं, तर सुतार घरी यायचा. ओटीवर रंधा, करवत, पटाशी मांडून बसायचा. आठ दिवसांचं काम तीन महिने चालायचं. तेवढ्या काळात तो घरातलाच होऊन जाई. चहात साखर किती हवी हे सांगे आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात मतही देई. शेवटी टेबल तयार व्हायचं ते असं, की पुढच्या दोन पिढ्यांना ते दारातून बाहेर काढता येत नसे. त्याहून टिकाऊ हवं असेल तर गोदरेजचं पोलादी कपाट. ते लग्नात यायचं आणि नातसुनेच्या हवाली व्हायचं.

अशा परंपरेतून उठून मी १९८२ साली नोकरीसाठी सहकुटुंब जर्मनीत, स्टुटगार्टला गेलो. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. बहिणीकडे गेल्यावर निदान बसायला पाट मिळेल, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

जर्मनीत घर भाड्यानं मिळतं म्हणजे भिंती मिळतात. जुना भाडेकरू जाताना आपलं सामान नेतो, आणि ‘सामान’ या शब्दात स्वयंपाकघर येतं. ओटा, त्याखालची कपाटं, भांडी घासायचं सिंकसुद्धा. छताला दिवे नव्हते, वायरींची टोकं लोंबत होती. आमची ही दारातच थबकली आणि म्हणाली, “अहो, चोरी झाली वाटतं इथे!” घरमालकीणबाईंनी मात्र मोठ्या अभिमानानं सांगितलं, की घर अगदी स्वच्छ करून दिलं आहे. त्याबद्दल शंकाच नव्हती. इतकं स्वच्छ घर मी फक्त सिमेंटच्या जाहिरातीत पाहिलं होतं.

आता मुख्य गोष्ट सांगायची म्हणजे आम्ही दोन वर्षांसाठी आलो होतो. परदेशातल्या आपल्या लोकांची ही वेगळीच कालगणना आहे. शालिवाहन शक असतो, विक्रम संवत असतो, तशी ‘दोन वर्षं’ असतात. मला तिथे भेटलेले एक गृहस्थ चौदा वर्षं दोन वर्षांसाठी आलेले होते. आणि माणूस दोन वर्षांसाठी आला, की फर्निचरच्या दुकानात त्याची गत विचित्र होते. चांगली वस्तू घ्यावी तर दोन वर्षांसाठी महाग, स्वस्त घ्यावी तर ती दोन वर्षंसुद्धा टिकेल की नाही याची धास्ती. वजनदार घ्यावी तर परत कशी न्यायची?

हा पेच काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. आपल्याकडे आलेला इंग्रज याच पेचात होता. तोही काही वर्षांसाठीच आलेला, आणि त्याला तर मांडीही घालता येत नव्हती! पलटणीबरोबर फिरणाऱ्या साहेबासाठी मग खास फर्निचर निघालं. दोन भागांत सुटणारी, पितळी कोपऱ्यांची पेटी, पाय फिरकीनं निघणारं टेबल, घडी होणारा पलंग. सगळं उंटावर नाहीतर बैलगाडीत चढलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला आपल्या रुडकीच्या नावानं एक खुर्चीच निघाली. चार काठ्या, आडवे दांडे, कॅनव्हास आणि चामडी पट्टे, खिळा नाही की सरस नाही. सोडली की वळकटी. तीच कल्पना उचलून डेन्मार्कच्या कारे क्लिंट यांनी १९३३ साली ‘सफारी खुर्ची’ केली. म्हणजे रुडकीची खुर्ची युरोपात स्थायिक झाली, तीसुद्धा आमच्या आधी.

आणि साहेब विलायतेला परत निघाला किंवा इथेच मातीला मिळाला, की त्याच्या सामानाचा लिलाव. कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत तशा जाहिराती यायच्या. बोटीतून उतरलेला नवा साहेब बोली लावून जुन्या साहेबाच्या खुर्चीत बसायचा. स्टुटगार्टमध्ये आमचंही तेच चाललं होतं. कुणी मराठी कुटुंब परत निघालं, की बातमी आधी फर्निचरची पसरायची. आमच्या घरातलं पहिलं टेबल आमच्याकडे येण्याआधी तीन बिऱ्हाडं फिरून आलं होतं. पहिले मालक मुलुंडला परतले, दुसरे कॅनडाला गेले, तिसऱ्यांनी ते आम्हांला दिलं. टेबलावर चहाच्या कपांची वर्तुळं एकात एक अडकलेली होती, सांगलीच्या कपाचं कुठलं आणि दादरच्या कपाचं कुठलं, कळायला मार्ग नव्हता.

दुसरा मार्ग म्हणजे श्पेरम्युल. त्या काळी बऱ्याच गावांत ठरलेल्या दिवशी लोक नको असलेलं मोठं सामान रस्त्याच्या कडेला मांडायचे. सकाळी नगरपालिकेची गाडी येण्याआधी आदल्या रात्री विद्यार्थी, परदेशी मजूर आणि आमच्यासारखे इंजिनियर तिथून गंभीर चेहऱ्यानं फेरफटका मारायचे. स्टुटगार्टच्या बाजूचे श्वाबेन लोक काटकसरीबद्दल सबंध जर्मनीत प्रसिद्ध आहेत. पुण्याहून गेलेल्याला तिथे परकं वाटत नाही ते यामुळेच. अशा लोकांनी टाकलेली वस्तू म्हणजे तिच्यातून काढण्यासारखं सगळं काढून झालेलं असणार, हे उघड होतं. तरीही त्या कडेवर मला एक खुर्ची मिळाली. वाफेवर वाकवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची, वेताची वीण जरा सैल झालेली. तशी खुर्ची मी मुंबईच्या इराण्याकडे ब्रून-मस्का खाताना पाहिली होती. परक्या देशात शाळेतला मित्र भेटावा तसं झालं.

या खुर्चीची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. मिखाएल टोनेट हा ऱ्हाईनकाठच्या बोपार्ड गावचा सुतार, जन्म १७९६. लाकूड कोरण्याऐवजी वाकवायचं, हे त्याच्या डोक्यानं घेतलं. त्या नादात कर्ज झालं. ऑस्ट्रियाचे चॅन्सलर मेटर्निख यांनी त्याची कारागिरी पाहून त्याला व्हिएन्नाला बोलावलं, आणि १८४२ साली टोनेट गाव सोडून परमुलखात गेला. म्हणजे आमच्याच पंथातला! १८५९ साली त्यानं ‘नंबर १४’ ही खुर्ची काढली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. सुटी केली की एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. जिथे पोहोचेल तिथे कुणीही पिळावी आणि बसावं. १९३० पर्यंत तिच्या पाच कोटी प्रती खपल्या म्हणतात. ग्रंथकारांनी हा आकडा वाचू नये.

स्टुटगार्टातच टेकडीवर वाइसेनहोफ नावाची वसाहत आहे. रविवारी पैसे न खर्चता कुठे जायचं, या प्रश्नाला आमच्याकडे ते ठरलेलं उत्तर होतं. १९२७ साली मीस व्हान डेर रोह यांच्या देखरेखीखाली १७ वास्तुकारांनी तिथे २१ घरं बांधली आणि आजच्या माणसानं कसं राहावं त्याचं प्रदर्शन भरवलं. मार्ट स्टाम या डच माणसानं गॅसच्या नळीचे तुकडे जोडून मागचे पाय नसलेली खुर्ची बनवली होती. तिची सुधारलेली आवृत्ती इथेच लोकांपुढे आली. मागचे पाय नसलेली खुर्ची पाहून आमची ही म्हणाली, “आपल्या टेबलाचे तर पुढचेही धड नाहीत. ठेवतात का विचारा प्रदर्शनात.”

शेवटी आम्ही गेलो ते स्वीडिश दुकानात. इकेआचं जर्मनीतलं पहिलं दुकान १९७४ साली म्यूनिकजवळ एखिंगला निघालं होतं आणि नव्यानं संसार मांडणारे तिकडे झुंडीनं जात. त्याचा संस्थापक इंगवार काम्प्राड. त्याचे आजी-आजोबा १८९६ साली जर्मनीतून स्वीडनला जाऊन शेती करू लागले. म्हणजे हाही उपऱ्यांचाच नातू. १९४३ साली सतराव्या वर्षी त्यानं धंद्याची नोंदणी केली. स्वतःच्या नावाची, शेताची आणि गावाची आद्याक्षरं जोडून दुकानाचं नाव ठेवलं. १९५६ च्या सुमारास त्याचा सहकारी गिलिस लुंडग्रेन एक टेबल मोटारीत घालू पाहत होता, ते काही मावेना. त्यानं सरळ पाय काढून घेतले. पाय काढता येतात तर सुटेच का विकू नयेत? झालं, चपट्या खोक्याचा धंदा सुरू. इतर दुकानदारांनी चिडून स्वीडनमधल्या कारखान्यांना त्याला माल देऊ नका म्हणून दटावलं, तेव्हा १९६१ पासून त्यानं पोलंडमध्ये माल करून घेतला. आकडे लक्षात राहायला त्याला त्रास व्हायचा, म्हणून वस्तूंना नावं दिली. सोफ्याला स्वीडनमधली गावं, पलंगाला नॉर्वेतली. आपल्याकडे कोचाला ‘चिपळूण’ म्हणावं तसं!

वाहतूक तुम्ही करा, जोडणी तुम्ही करा, मग किंमत कमी. सुताराची मजुरी आणि चहा दोन्ही वाचतात. १९७९ साली निघालेलं ‘बिली’ नावाचं पुस्तकांचं कपाट आम्हीही आणलं. सहा कोनी वाकड्या किल्लीनं ते मी एका संध्याकाळी उभं केलं आणि त्याच्यावर दासबोधाशेजारी जर्मन शब्दकोश विराजमान झाला.

१९८८ साली अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे महिनाभर राहायला आले. कलेक्टर कचेरीत जन्म गेलेला, तपासणी अंगात मुरलेली. त्यांनी कपाटावर बोटाचं पेर वाजवून पाहिलं. “हे लाकूड नव्हे. हे लाकडाचं पीठ आहे.” मग एकेक वस्तू फिरवून स्क्रू मोजले. रात्री जेवणानंतर म्हणाले, “हे सगळं सोडायला किती वेळ लागेल?” मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “अण्णा, एक दिवस पुरे.” ते म्हणाले, “वाटलंच मला. सहा वर्षं झाली, पण तुम्ही अजून उतरला नाहीत. नुसते मुक्कामाला आहात.”

मी काही बोललो नाही. हीसुद्धा नाही. मुलगी मात्र शेजारच्या खोलीत शाळेची जर्मन कविता पाठ करत होती. ती तर मुक्कामाला नव्हती. तिचं ते घरच होतं.

त्यानंतर तीन वर्षांनी अण्णा गेले. त्याच वर्षी आम्ही एक टेबल घेतलं. एका वृद्ध बाईंचं घर रिकामं करत होते, तिथे ओकचं अखंड टेबल होतं. आठ माणसं बसतील एवढं, चार माणसांना उचलायला जड. किंमत ८० मार्क. इतकं स्वस्त का म्हणून विचारलं, तर विकणारा म्हणाला, “नेतो कोण?”

फर्निचरच्या बाजारातलं इंगित मला त्या दोन शब्दांत कळलं. हलकी वस्तू सगळ्यांनाच हवी असते, कारण सगळ्यांनाच कुठेतरी निघायचं असतं. चांगली आणि तरीही स्वस्त वस्तू मिळते ती ज्याला आता ती हलवायची नाही त्याला. टेबल वर चढवताना चार मित्रांच्या तोंडून मराठीतले असे शब्द बाहेर पडले, की ते जिन्यात पहिल्यांदाच उच्चारले गेले असावेत. हिनं त्यावर अंथरायला आईनं दिलेली सोलापुरी चादर काढली. ‘दोन वर्षं’ हा शब्द त्यानंतर आमच्या घरात निघाला नाही. तो बंद झाल्याचं कुणी जाहीरही केलं नाही.

आता इकेआ आपल्याकडेही आलं आहे. २०१८ साली हैदराबादला, २०२० च्या डिसेंबरात नवी मुंबईत तुर्भ्याला. मुंबईकर त्याला आयकिया म्हणतात. परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. मूळचा सांगलीचा, नोकरी खराडीला, घर भाड्याचं. मागून खोक्यांचा आवाज येत होता.

“मामा, ती वाकडी किल्ली कुठल्या बाजूनं धरायची?”

मी सांगितलं. मग न राहवून विचारलं, “अरे, सुतार नाही का मिळत तिथे? सागवानी करून घे की.”

“सागवानी घेऊन काय करू, मामा? कंपनी कधी बेंगळुरूला पाठवील सांगता येत नाही. दोन वर्षांपुरतंच घेतोय.”

मी म्हटलं, “घे. पण स्क्रू नीट आवळ. दोन वर्षं फार लांब असतात.”