वाळूवरचा केक आणि स्वीडनची आग

आमच्या बदलापूरच्या घरी केक वाळूवर व्हायचा. जाड बुडाच्या पातेल्यात चार बोटं वाळू, तिच्यावर उलटी ताटली, ताटलीवर तुपाचा हात फिरवलेला डबा, वर घट्ट झाकण आणि झाकणावर वरवंटा. खाली पंपाचा स्टो भरभरत असायचा. वाळू उल्हास नदीची. आईनं ती एकदाच चाळून, धुऊन, उन्हात वाळवून घेतली होती आणि प्रत्येक केकनंतर ती परत डब्यात भरली जायची. भाजून भाजून काळपट झालेली ती वाळू आमच्या स्वयंपाकघरातल्या बहुतेक भांड्यांपेक्षा जास्त टिकली. केकमध्ये व्हॅनिला नसायचा, वेलदोडा असायचा, कारण घरात तोच होता.

दोन वर्षांपूर्वी गोथेनबर्गला राहणारी माझी भाची आली, तेव्हा तिनं तिकडचे पिळाचे गोड पाव स्वतः भाजून, डब्यात घालून आणले होते. आईनं एक तुकडा तोडला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "हा तर माझ्या केकचा वास गं." भाची हसली. "आजी, तिकडे सगळ्यालाच हा वास असतो."

हे खरं आहे. स्वीडन, नॉर्वे, फिनलंडच्या घरगुती भाजणीत वेलदोडा जितका लागतो तितका युरोपात क्वचितच कुठे लागत असेल. आपण पूड वस्त्रगाळ करतो. ते दाणे जाडेभरडे कुटतात, म्हणजे पाव चावताना मध्येच दाताखाली एक कण येतो. हा वेलदोडा तिकडे कसा पोचला याची एक लाडकी गोष्ट आहे: व्हायकिंग खलाशांनी तो कॉन्स्टॅन्टिनोपलच्या बाजारातून उचलून नेला. गोष्ट झकास आहे, पुरावा मात्र फार पातळ आहे. एवढं नक्की, की वेलदोडा मूळचा सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडच्या सावलीतल्या रानांतला, आणि बाल्टिकपर्यंत पोचेस्तोवर तो इतक्या हातांतून जायचा की तिथे तो पुष्कळ काळ श्रीमंताघरचाच मसाला राहिला. आज तिकडच्या दुकानांतला बराचसा वेलदोडा ग्वाटेमालाचा असतो, पण त्यात आपल्याला हळहळण्यासारखं काही नाही. मिरची तरी आपली कुठे होती?

या वासाचा माग काढायला मी बसलो आणि फिरत फिरत जिथे पोचलो ते ठिकाण आमच्या घरापासून एकच स्टेशन अलीकडे निघालं. पण ते जरा वेळानं.

आधी त्या पावाचं. 'स्कँडिनेव्हियन बेकिंग' म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर पांढरं लाकडी टेबल, मेणबत्ती आणि दालचिनीचे वेटोळे येतात. हे चित्र फार तर दीडशे वर्षांचं. त्याआधीच्या शेतकऱ्याच्या घरात गहू सणाचा होता. रोजची भाकरी राय आणि जवाची. आपल्या कोकणात तांदूळ-नाचणी रोजची आणि गहू पुरणपोळीपुरता, तसंच. मध्य स्वीडनमध्ये रायची कडक चकती वर्षातून दोनदाच भाजत, कारण दळण पाणचक्कीवर व्हायचं आणि पाणचक्कीला पुरेसा ओघ वसंतात बर्फ वितळल्यावर आणि पुन्हा शरदात, कापणीनंतर असे. चकतीला मधोमध भोक, ती काठीत ओवायची, काठी चुलीवर आढ्याला टांगायची. त्या भाकऱ्यांवर सहा महिने काढायचे. नॉर्वेत लाटून मोठ्या सपाट तव्यावर भाजलेली लेफ्से असते. ती भाजणाऱ्या बाईचा लाकडी उलथनं फिरवण्याचा हात बघितला तर आपल्याकडची मांडे करणारी सुगरण आठवेल.

मग एकोणिसाव्या शतकात तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. बिटापासून साखर होऊ लागली आणि स्वस्त झाली. गव्हाचं पीठ आवाक्यात आलं. आणि बिडाची चूल आली, जिच्या पोटातच भट्टीचा कप्पा होता. तोवर भट्टी पेटवणं म्हणजे दिवसभराची आणि गाडीभर लाकडांची बाब होती. आता घरच्या बाईला मंगळवारी दुपारी मनात आलं तरी बिस्किटं भाजता येऊ लागली. कॉफीवर तर स्वीडनच्या सरकारनं अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला पुनःपुन्हा बंदी घातली होती आणि लोकांनी ती पुनःपुन्हा मोडली होती. भट्टी आणि कॉफी एकत्र आल्यावर बायकांच्या दुपारच्या बैठका सुरू झाल्या. पाहुणीपुढे सात प्रकारची बिस्किटं ठेवायची असा संकेत पडला. सहा ठेवली तर चिक्कूपणा, आठ ठेवली तर मिरवणं. 'सात प्रकारची बिस्किटं' याच नावाचं पाककृतींचं पुस्तक १९४५ साली निघालं आणि अजून खपतं. त्या सातांत 'ड्रोमर' म्हणजे 'स्वप्नं' नावाचा एक प्रकार असतो. तो खाल्ला तर आपण त्याला नानकटाईच म्हणू. खुसखुशीतपणासाठी त्यात एक क्षार घालतात, जो पूर्वी हरणाची शिंगं जाळून काढत. भट्टीत त्याचा पूर्ण वायू होऊन जातो, मागे फक्त भोकं उरतात. भाजताना अमोनियाचा दर्प घरभर सुटतो आणि बिस्किट गार झालं की तो कुठेच नसतो. आपल्याकडच्या बेकऱ्यांतही 'अमोनिया' म्हणून तोच वापरतात.

आपल्याकडे बिडाची चूल आली नाही. आपल्याकडे जे आलं त्याची गोष्ट स्वीडनच्या दक्षिणेतल्या स्मोलंड प्रांतात सुरू होते. दगडाळ, गरीब मुलुख. एकोणिसाव्या शतकात तिथून माणसं झुंडीनं अमेरिकेला गेली. तिथल्या योनशॉपिंग गावात लुंडस्ट्रॉम बंधूंनी सुरक्षित काडेपेटीचा कारखाना उभारला. मूळ कल्पना गुस्ताफ एरिक पाश या रसायनतज्ज्ञाची, १८४४ सालची: पेट घेणारं द्रव्य सगळं काडीच्या टोकाला द्यायचं नाही, तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावायचा. त्याआधीच्या काड्यांत पांढरा फॉस्फरस असे. तो कशावरही घासला की पेटायचा आणि त्या कारखान्यांतल्या कामगारांच्या जबड्याची हाडं सडवायचा. हिंदुस्थानात त्याच्यावर कायद्यानं बंदी आली ती १९१३ साली. योनशॉपिंगच्या पेट्या चिकटवण्याचं काम आसपासच्या घरांत बायका-मुलं करत. एकाच टेबलावर खळ आणि कणीक.

१९१७ साली ईवार क्रूगर या माणसानं स्वीडनमधले काडेपेटीवाले एका छत्राखाली आणले. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्याच्या कंपनीच्या हातात जगातला निम्म्याहून जास्त काडेपेटीचा धंदा आला. सरकारांना कर्ज द्यायचं आणि बदल्यात त्या देशात काडेपेटीचा मक्ता घ्यायचा, अशी त्याची पद्धत. हिंदुस्थानात कर्जाची गरज पडली नाही. १९२२ साली सरकारनं आयात काडेपेट्यांवरची जकात दुप्पट केली, ग्रोसला दीड रुपया. बाहेरून आणणं परवडेना, तेव्हा स्वीडिश कंपनीनं इथेच कारखाने काढले. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को. तिचा कारखाना अंबरनाथला आला.

मुंबईपासून रेल्वेची सोय, मोकळी जमीन, जवळ वालधुनी. शिलाहारांचं अकराव्या शतकातलं शिवमंदिर सोडलं तर अंबरनाथला तेव्हा बाहेरचं कोणी येण्याचं फारसं कारण नव्हतं. स्वीडनमध्ये अ‍ॅस्पेनच्या काड्या होत, आपल्याकडे सावरीच्या लाकडाची चलती झाली. क्रूगरनं १९३२ च्या मार्चमध्ये पॅरिसमध्ये गोळी झाडून घेतली, त्याचा पैशाचा डोलारा कोसळला, पण काडेपेटीची कंपनी तगली. विम्कोचा 'शिप' छाप घराघरात राहिला. देवघरातल्या निरांजनाला आणि अंगणातल्या बंबाला तीच काडी. शेवटी २००५ साली स्वीडिश कंपनीनं आपला वाटा आयटीसी समूहाला विकला. अंबरनाथमध्ये आज विम्को नाका आहे. रिक्षावाल्याला विचारलं तर तो नेतो. विम्को म्हणजे काय हे विचारलं तर नव्या वयाचा असेल तर खांदे उडवतो.

आणि आईचा तो भरभरणारा स्टो? तोही तिकडचाच. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या स्टॉकहोमच्या कारागिरानं १८९२ च्या सुमारास प्रायमस तयार केला. टाकीत हवा भरायची, त्या दाबानं रॉकेल तापलेल्या नळीत चढतं, वाफ होतं आणि बारीक भोकातून निळ्या ज्योतीनं जळतं. काजळी नाही. आमुंडसेननं तो १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर नेला, तेनसिंग-हिलरींच्या मोहिमेनं १९५३ मध्ये एव्हरेस्टवर. आमच्या चाळीत तो रोज पहाटे साडेचारला पेटायचा, पाच-चौदाच्या लोकलसाठी. आपल्याकडे पुढे देशी बनावटीचे आले तरी म्हातारी माणसं त्यांना प्रायमसच म्हणत. काकडा, पिन, पंप, वॉशर: हे शब्द माझ्या मुलीला परके आहेत.

या स्टोबद्दल गोड गोड लिहून थांबता येत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक मथळा ठरलेला असे: 'स्टोच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू'. खाली चार ओळी. काही ठिकाणी भोक तुंबलेलं असे, पिन मारली नसे, पदर नायलॉनचा असे. पण सासरी जाच असलेल्या सुनेच्याच वेळी स्टो कसा भडकतो, हे बायका आपसात विचारत असत आणि मोठ्यानं विचारायला वेळ लागला. १९८३ आणि १९८६ साली कायद्यात कलमं आली. आमच्या ओळीतल्या एका घरात हे घडलं तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा होतो. त्यानंतर काही महिने आईनं वाळूचा डबा माळ्यावरून काढला नाही. आम्हीही केक मागितला नाही.

नानकटाई मात्र घरी होतच नसे. तिच्यासाठी दिवाळीच्या आधी उल्हासनगरला जायचं. कल्याणच्या लष्करी तळाच्या बराकींत फाळणीनंतर सिंध्यांची वस्ती झाली, ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि नदीवरून गावाचं नाव ठेवलं. वडिलांचे एक सहकारी चार नंबर कॅम्पात राहत. त्यांच्या ओळखीची बेकरी होती. आपला मैदा, आपली पिठीसाखर, आपलं तूप तोलून न्यायचं, भट्टीवाला मळून, भाजून द्यायचा, मजुरी वेगळी. आई तिथेच बाकावर बसून राहायची, आपल्या तुपाच्या जागी दुसऱ्याचं डालडा जाऊ नये म्हणून. परतताना पत्र्याचा डबा मांडीवर, गरम.

त्याच घरी मी पहिल्यांदा लोला खाल्ला. श्रावणात सिंध्यांची थदडी असते. आदल्या दिवशी गुळाच्या वा साखरेच्या पाण्यात मळलेल्या जाड गोड पोळ्या, म्हणजे लोले, आणि कोकी करून ठेवायची. थदडीला चूल पेटवायची नाही, सगळं थंड खायचं. आपल्याकडच्या शीतळा सप्तमीची ही बहीण. सिंधमधून येताना ज्यांना भट्ट्या, चुली, घरं मागे सोडावी लागली त्यांनी हा बिनआगीचा दिवस बराकीत पहिल्या वर्षी कसा पाळला असेल, असं मी एकदा त्या काकूंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पहिल्या वर्षी काय, रोजच थदडी होती."

भाचीकडे परत येतो. तिनं आजीच्या नाकाची परीक्षा घेण्यासाठी आणखी एक फोटो दाखवला: पांढरट-पिवळी थरथरती वडी, कडा किंचित करपलेली. आई क्षणात म्हणाली, "खरवस." होय, खरवसच. तिकडे त्याला 'कालवडान्स' म्हणतात, म्हणजे 'वासराचा नाच'. व्यालेल्या गाईचा पहिल्या दिवसांतला चीक, थोडी साखर, असला तर वेलदोडा किंवा दालचिनी. आपण उकडतो, ते भट्टीत पाण्याच्या थाळ्यात ठेवून भाजतात आणि वर आंबट फळांचा जॅम घेतात. चिकात प्रथिनं इतकी असतात की तापवलं की तो आपोआप बसतो, विरजण-रेनेट काही लागत नाही; म्हणून ज्या ज्या मुलखात गाय घरात होती तिथे हा पदार्थ कुणाकडून न शिकता झाला असणार. वेलदोड्यासारखा त्याला प्रवास करावा लागला नाही. स्मोलंडची दुधाचीच एक प्रसिद्ध मिठाई आहे, ओस्तकाका. तिला मात्र रेनेट लागतं, बदाम लागतात, आणि ती लग्नाकार्यात मिरवते. कालवडान्स घरातल्यांसाठी आणि शेजारच्यांसाठी.

आईनं विचारलं, "तुला चीक कुठे मिळाला?" भाचीनं सांगितलं, शहराबाहेर तासभर गाडी चालवून, एका शेतकऱ्याला आधी फोन करून. दुकानात मिळत नाही. आईला ते पटलं. आमच्या मागच्या रस्त्याला तबेला होता तोवर म्हैस व्याली की गवळी सकाळी लोटी ठेवून जायचा. आता तिथे सात मजली इमारत आहे आणि खरवस डेअरीतून प्लास्टिकच्या डबीत येतो, तोही बहुतेकदा दुधाच्या पावडरीचा.

भाची निघताना आईनं तिला दोन गोष्टी दिल्या. एक पाव किलो वेलदोडा, तिकडे मिळतो हे माहीत असूनही. आणि वाळूचा डबा. विमानात नेता येणार नाही म्हटल्यावर आईनं तो परत माळ्यावर ठेवला.