संचालक मंडळाला सर्व्हर नको, तिजोरी सांगा

मंडळी, सप्टेंबरअखेरपर्यंत सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा उरकायच्या असतात. आपण लाभांश किती ते विचारतो, चहा घेतो आणि घरी येतो. यंदा जाण्याआधी जरा हा इतिहास वाचा.

पुण्याची कॉसमॉस सहकारी बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातूनही अडीच कोटी गेले, त्यात आपल्या शेजारचं कोल्हापूर होतं. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख.

झालं कसं? एटीएममध्ये कार्ड घातलं की 'पैसे देऊ का?' हा प्रश्न स्विच नावाच्या यंत्रणेतून बँकेकडे जातो. चोरांनी मध्येच खोटा स्विच बसवला आणि तोच परस्पर 'द्या' म्हणत राहिला. कॅशियरने साहेबांना विचारायला पाठवलेला कागद वाटेतल्या तोतयानेच सही करून परत द्यावा, तसं. खातेदारांची खाती शाबूत राहिली, तोटा बँकेच्या माथी आला. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं.

ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांना बजावलं की सायबर सुरक्षेचं धोरण संचालक मंडळानेच मंजूर केलं पाहिजे. म्हणजे 'ते कॉम्प्युटरवाला बघतो' ही सबब संपली.

पण मंडळाला समजावणार कसं? आपल्याकडे संचालक म्हणजे व्यापारी, बागायतदार, निवृत्त गुरुजी. त्यांच्यापुढे फायरवॉल, पॅच असे शब्द टाकले तर माना डोलतात, विषय मंजूर होतो, बास. हीच माणसं कर्जाच्या अर्जावर मात्र तारण काय, जामीनदार कोण, बुडालं तर किती, हे बरोबर विचारतात. मग धोकाही त्याच भाषेत सांगा ना! व्यवहार किती दिवस बंद राहतील? किती रुपये जातील? रविवारी रात्री गडबड झाली तर फोन कोण उचलणार? आणि खर्च केला तर यातलं किती टळेल?

जुलै २०२४ मध्ये सी-एज या सेवा देणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेवर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे ऑनलाइन व्यवहार तात्पुरते थांबले. हल्ला कंपनीवर, पण खोळंबा बँकांच्या गिऱ्हाइकांचा. हेच गणपतीच्या आदल्या दिवशी, चाकरमानी लांज्यात उतरत असताना झालं तर?

आणि एक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते केंद्राचं विमा संरक्षण नाही. म्हणून यंदा सभेत लाभांशाच्या आधी हात वर करा आणि विचारा, "अध्यक्षसाहेब, आपली यंत्रणा बंद पडली तर पहिल्या दिवशी आपण काय करणार?"

उत्तर आलं नाही, तर तेही इतिवृत्तात लिहून घ्या.