मरीना रुंदावली, रॉयपुरम झिजले

किनारी शहरांचे नियोजन व पर्यावरण शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची अभ्याससहल चेन्नईला गेली, तर मरीनाची पुळण पाहणे ओघानेच येते. परंतु बंदर ओलांडून उत्तरेला रॉयपुरमपर्यंत गेल्याखेरीज त्या पुळणीचा इतिहास पुरता उलगडत नाही.

मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे किनाऱ्यापासून दूर नांगरली जात आणि काथ्याने शिवलेल्या फळ्यांच्या मसुला होड्यांतून माल व माणसे उसळत्या लाटांमधून आणली जात. 1876 मध्ये समुद्रात लाटरोधक भिंती घालून कृत्रिम बंदर उभारण्यास प्रारंभ झाला. 1881 च्या चक्रीवादळाने त्याचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. तरीही काम पुढे नेण्यात आले.

वादळाचे नुकसान एका रात्रीत दिसले. वाळूचे मात्र सावकाश उमगले. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात, वाळू तिरकी वर ढकलतात आणि ओसरणारे पाणी ती उतारावरून सरळ खाली आणते. अशा नागमोडी चालीने वाळू किनाऱ्यालगत प्रवास करते. ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ही दिशा उलटते. तथापि वर्षाचा हिशेब केल्यास चेन्नईच्या किनाऱ्यावरील वाळू उत्तरेकडेच सरकते. बंदराच्या भिंतींनी तिची वाट अडवली. दक्षिणेस वाळू साठत गेली आणि पूर्वी जेथे लाटा फुटत, तेथे पुळण विस्तारली. गव्हर्नर ग्रँट डफ यांनी 1880 च्या दशकात तेथे विहारमार्ग बांधवून त्यास ‘मरीना’ हे नाव दिले. वाळूने बंदरालाही सोडले नाही: पूर्वेकडील प्रवेशद्वार विसाव्या शतकाच्या आरंभी ईशान्येस हलवावे लागले.

उत्तरेस नेमके उलट घडले. लाटा पूर्वीप्रमाणेच वाळू वाहून नेत राहिल्या, पण तिची भरपाई थांबली. रॉयपुरमचा किनारा मागे हटला. होड्या ओढून ठेवण्याची व जाळी वाळवण्याची जागा मच्छीमारांच्या हातून गेली. कित्येकांची घरेही गेली. संरक्षणासाठी दगडी बंधारे घातले गेले. प्रत्येक बंधाऱ्याने आपल्या पाठीमागची जमीन राखली, परंतु धूप पुढच्या वस्तीकडे, एन्नोरच्या दिशेने सरकली.

कायद्यासमोरचा पेचही येथेच आहे. 1991 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतच्या पट्ट्यातील बांधकामांवर निर्बंध आणले. पण ज्या रेषेपासून अंतर मोजायचे, तीच रेषा धूप होणाऱ्या किनाऱ्यावर स्थिर नसते. म्हणून 2011 च्या अधिसूचनेत धोकारेषेची संकल्पना आली. 2019 मध्ये मात्र ती रेषा आपत्ती व्यवस्थापनाचे साधन एवढ्यापुरतीच उरली.

विशाखापट्टणमला बंदरापाशी अडकलेली वाळू उपसून उत्तरेकडील पुळणीवर टाकली जाते. हा खर्च कायमचा आहे, कारण समुद्र आपले काम थांबवत नाही. नव्या बंदराचा आराखडा तपासताना त्यामुळे दोन गोष्टी पाहाव्या लागतात: वाळू कोणत्या दिशेने सरकते आणि त्या दिशेला पुढची वस्ती कोणाची आहे. मद्रासच्या बंदराने पुढच्या वस्तीचा हिशेब मांडला नव्हता; तो रॉयपुरमचे मच्छीमार आजही चुकवीत आहेत.