एकरेषीय फोटॉनची कुळकथा

शाळेच्या भूमितीत एका रेषेवरच्या बिंदूंना एकरेषीय म्हणतात. क्वांटम विद्युतगतिकीत हे विशेषण फोटॉनला लागतं, ते तो इलेक्ट्रॉनमधून निघून त्याच दिशेने धावू लागला की. फोटॉन वेगळ्या जातीचा नव्हे. फक्त त्याची दिशा अडचणीची.

या घराण्याचा मूळपुरुष १९२४ सालचा फर्मी. धावत्या विद्युतभाराचं क्षेत्र म्हणजे सोबत चाललेला प्रकाशच समजा, अशी त्याची युक्ती. १९३४मध्ये वाइट्सॅकर आणि विल्यम्स यांनी ती प्रकाशवेगाजवळच्या कणांना लावली. १९३७मध्ये ब्लॉख आणि नॉर्डसिक यांनी अतिक्षीण ऊर्जेच्या फोटॉनांमुळे उत्तरात येणारं अनंत निस्तरलं. एकरेषीय फोटॉनचं अनंत मात्र निराळं. फोटॉन भरपूर ऊर्जेचा असला तरी ते येतंच.

त्याचं मूळ एका छेदात आहे: १ − (v/c) cosθ. इथे v इलेक्ट्रॉनचा वेग, c प्रकाशाचा आणि θ इलेक्ट्रॉन व फोटॉनच्या दिशांमधला कोन. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान शून्य धरलं तर v म्हणजेच c. मग कोनही शून्य झाला की छेद शून्य. अशा वेळी एकटा इलेक्ट्रॉन आणि इलेक्ट्रॉन-फोटॉनची जोडी यांची एकूण ऊर्जा व संवेग तंतोतंत जुळतात. मग फाटाफूट झाली की नाही, हे विचारण्यातच अर्थ उरत नाही. किनोशिता यांनी १९६२मध्ये आणि ली व नाउएनबर्ग यांनी १९६४मध्ये दाखवलं, की अशा सगळ्या सारख्या अवस्थांची बेरीज केली तर अनंतं एकमेकांना खातात. मला यात गणितापेक्षा प्रश्न नीट विचारण्याची अक्कल जास्त दिसते.

खऱ्या इलेक्ट्रॉनला थोडं वस्तुमान असतं, म्हणून अनंताच्या जागी लॉगॅरिदम उरतो. तोही काही गरीब नव्हे. जिनिव्हाजवळच्या लेप यंत्रात १९८९पासून ४५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आदळत. तिथे हे फोटॉन साधारण वस्तुमान भागिले ऊर्जा एवढ्या कोनात निघत: किलोमीटरभर गेल्यावर इलेक्ट्रॉन आणि फोटॉन यांत जेमतेम सेंटिमीटरचं अंतर! आणि या फोटॉनांमुळे हिशेबात करावी लागणारी जी दुरुस्ती ०.२ टक्क्यांच्या घरात राहील असं वाटावं, ती लॉगॅरिदमने फुगवून दहा टक्क्यांवर नेली.

ऊर्जामापकाला तर दोघांचा मिळून एकच ठिपका दिसतो. म्हणून आज लार्ज हेड्रॉन कोलायडरवरचे लोक इलेक्ट्रॉनभोवती बहुधा ०.१ त्रिज्येचा शंकू आखतात, त्यातले फोटॉन त्याच्याच ऊर्जेत मिळवतात आणि त्याला ‘ड्रेस्ड’ इलेक्ट्रॉन म्हणतात.