कोंबड्यांना हिवाळ्यातील कृत्रिम प्रकाश (मूर्तिजापूर परिसर)

अंड्यावरच्या कोंबड्यांना लहान दिवसांत दिव्याने पुरवलेला जादा उजेड. मूर्तिजापूर (जि. अकोला) येथे जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर डिसेंबरमधला सर्वांत लहान दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. भरपूर अंडी देणाऱ्या जातींना रोज १४ ते १६ तास उजेड लागतो. म्हणून दिवाळीनंतर अंडी घटतात आणि बोल बहुधा थंडीला लावला जातो.

खरे कारण उजेडाचे आहे. तो डोळ्यांप्रमाणेच कवटीतूनही मेंदूपर्यंत पोहोचतो. तेथून पीयूषिका ग्रंथीला चालना मिळते आणि तिच्या संप्रेरकांमुळे अंडाशयात बलक पक्व होतात. कॅनडातील विल्यम रोवन यांनी १९२०च्या दशकात जंको नावाचे छोटे पक्षी कडाक्याच्या हिवाळ्यात उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांना संध्याकाळी दिव्याचा उजेड दिला. एवढ्या गारठ्यातही त्यांच्या जननग्रंथी विणीच्या हंगामासारख्या वाढल्या.

वऱ्हाडातली थंडी पिसे भरलेल्या कोंबडीला सहज सोसते. ऊब लागते ती पिलांना: पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस, पुढे दर आठवड्याला अडीच-तीन अंश कमी. उबेचा दिवा आणि उजेडाचा दिवा यांची गल्लत महागात पडते. तापणारा मोठा बल्ब पऱ्हाटी-तुराट्यांच्या कुडाजवळ, गोणपाटाच्या पडद्याजवळ किंवा तुसावर लोंबकळत ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण. उजेडासाठी १०० चौरस फुटांना ५ वॅटचा पिवळसर एलईडी पुरतो. खाद्याच्या भांड्यापाशी वर्तमानपत्र वाचता आले की झाले.

दिवा पहाटे लावावा. संध्याकाळी तो एकदम विझला तर कोंबड्या अंधारात चाचपडतात, बसायची जागा सापडत नाही. डिसेंबरअखेर येथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. पहाटे पावणेचारला दिवा लागला की १४ तास भरतात. ही वेळ एकदम न गाठता दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवावी. रात्रभर दिवा ठेवू नये. अंधाराची विश्रांतीही हवीच. विजेवर फिरणारा साधा टायमर भारनियमनात थांबतो आणि तेवढाच मागे पडतो, म्हणून बॅटरीवर वेळ राखणारा टायमर घ्यावा. झगझगाटापेक्षा नेमाला महत्त्व आहे.

१६ आठवड्यांच्या आतील तलंगांना जादा उजेड देऊ नये. त्या अकाली अंड्यावर येतात, अंडी बारीक पडतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. थोडी अंडी देऊन खुडूक बसणाऱ्या दोन-चार गावरान कोंबड्यांसाठी हा खटाटोप फारसा फळत नाही.

सूर्योदय ते सूर्यास्त मोजला तर मूर्तिजापुरात दिवस कधीच १४ तासांचा होत नाही. त्यामुळे लेअरच्या शेडमध्ये दिवा बारमाही लागतो, हिवाळ्यात फक्त त्याचे तास वाढतात. होळीनंतर तो एकदम बंद केला तर कोंबड्या पिसे गाळू लागतात आणि अंडी काही आठवडे थांबतात.